उवा, फणी आणि माझे हात

आमच्या घरात उवा शिरल्यात हे मायला कळलं ते मंगीच्या मानेवरून. मंगी माझी धाकटी बहीण, तेव्हा पहिलीत होती. केसांच्या मुळाशी, मानेवर बारीक लाल पुरळ उठलं होतं आणि भाकरी खाता खाता पोरगी डाव्या हातानं ते कराकरा खाजवत होती. मायनं तिला ताटावरून उठवलं नाही. आंबाडीची भाजी, भाकरी, वर तेल घातलेला ठेचा, सगळं तिला पोटभर खाऊ दिलं. मग दाराच्या उजेडात नेऊन कानामागचे केस बाजूला केले आणि दोन नखांत एक केस धरून ओढला. त्यावर तिळाच्या अर्ध्याएवढं पांढरं काहीतरी होतं. "कोंडा असता त फुंकर मारली का उडाला असता," माय म्हणाली. "हे चिकटून हाय. लीख हाय." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी एकाच वाकळीत, एकाच उशीवर झोपायचो. मला न विचारताच तिनं माझी वेणी सोडली.

आमचं घर हिवरखेडचं. दोन खोल्या, मागं गोठा, पुढं शेणानं सारवलेला ओटा. त्या ओट्यावर दुपारची जेवणं आटोपली की गल्लीतल्या बाया एकीमागे एक बसायच्या आणि पुढचीच्या डोक्यातल्या उवा पाहायच्या. हल्लीच्या लोकांना हे ऐकून शिसारी येते. आम्हाला येत नव्हती. सगळ्या गावाच्या बातम्या त्या रांगेत कळायच्या. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या म्हशीनं दूध चोरलं, सगळं. मधूनच अंगठ्याच्या नखांचा टच असा आवाज यायचा, क्षणभर बोलणं थांबायचं, की पुन्हा सुरू. शेजारची पर्बताकाकू ही त्या रांगेची मुखत्यार. तिच्या नखाखालून ऊ सुटली असं कधी झालं नाही, असं ती स्वतःच सांगायची. तेव्हा उवा असणं ही काही मोठी लाज नव्हती. लाज आणली ती शाळेनं, आणि माझ्या बाबतीत खो-खोनं.

मी सातवीत होते आणि पळायला वाऱ्यासारखी होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आता गुडघे बोलतात, पण तेव्हा खांबाला वळसा घालून मी अशी निसटायची की पाठलाग करणारी पोट्टी मातीत बसायची. आमची शाळा जिल्ह्यात जिंकली आणि विभागीय सामन्यांसाठी अमरावतीला जायचं ठरलं. मी तोवर अकोल्याच्या पुढे गेले नव्हते. निघायच्या पंधरा दिवस आधी खेळाच्या बाईंनी सगळ्या मुलींना व्हरांड्यात उभं केलं आणि पेन्सिलीच्या टोकानं एकेकीचे केस उचलून पाहिले. माझ्यापाशी त्या थांबल्या. ओरडल्या नाहीत. पेन्सिल पुसून म्हणाल्या, "तिथं एका सतरंजीवर दहाजणी झोपणार आहात. उवा घेऊन मी कोणालाही नेणार नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा पाहीन. एक जरी दिसली तरी तुझ्या जागी दुसरी."

मी घरी येऊन मायपुढे रडले नाही, भांडले. आजच्या आज काढ म्हणाले. मायनं निंबोळीचं तेल लावलं, डोकं बांधलं, दुसऱ्या दिवशी रिठ्यानं धुतलं. पण ते दिवस निंदणाचे होते. माय सकाळी भाकरी बांधून वावरात जायची ती दिवे लागता यायची. एका दिवशी एक डोकं, तेही अर्धं, याहून जास्त तिला जमायचं नाही. माझं झालं तर मंगीचं राहायचं, मंगीचं करेपर्यंत माझ्यात पुन्हा. मी वाकळ वेगळी केली. मंगी झोपेत सरकत सरकत माझ्या कुशीत यायची. मी ढकलायची, ती पुन्हा यायची. मी बाबांना म्हटलं, तुमचंही डोकं पाहू द्या. ते हसले. "माह्या डोक्यात चार केस हायेत, त्यात कोन राहीन व?"

आता जे सांगायचं आहे ते मी इतकी वर्षं मोकळेपणानं कोणाला सांगितलं नाही. माझ्या मुलांनाही अर्धंमुर्धंच माहीत आहे.

कापसाच्या मुलखात फवारणीच्या हंगामात प्रत्येक घराला एकच वास असतो. बाबांच्या सदऱ्याला, पंपाच्या पट्ट्यांना, गोठ्याच्या कोपऱ्याला, अगदी त्यांनी हात धुऊन घेतलेल्या ताटाच्या कडेलाही तो वास यायचा. आम्हाला तो वास वाटायचाच नाही. आणि त्या औषधावर आमचा भारी विश्वास होता. काल पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानामागं काळा मावा चिकटलेला असायचा, आज बाबा फवारून आले की उद्या पानं मोकळी. बाबा कौतुकानं म्हणायचे, "किडा खाली पडला पाह्यजे असं अवशीद हाय." मी हे ऐकत मोठी झाले. किडा म्हणजे किडा. पानावरचा काय आणि डोक्यातला काय, माझ्या सातवीतल्या अकलेला त्यात फरक दिसला नाही.

शनिवारी सकाळची शाळा असायची. दुपारी घरात मी आणि मंगी दोघीच होतो. बाबा औषधाची बाटली गोठ्यात वर, वाशांत खोचून ठेवायचे. मी खाटेवर चढून ती काढली. किती घेतलं आणि कसं लावलं ते लिहीत नाही. कोणी चुकूनही करू नये. एवढंच सांगते की आधी मी ते मंगीला लावलं. माझ्या डोक्याला नंतर लावणार होते. का? तर आग होते का, केस गळतात का, ते पाहायचं होतं. हे मी सत्तरीच्या उंबरठ्यावर बसून लिहिते आहे आणि अजूनही हे वाक्य लिहिताना मला माझी चीड येते. सहा-सात वर्षांची पोर, बेबीताई बोलावते म्हणून पळत आली आणि माझ्यापुढे पाटावर मांडी घालून बसली.

उवा पडल्या. खाली अंथरलेल्या जुन्या पांढऱ्या कापडावर, धडप्यावर, टपटप पडल्या आणि मी खूष झाले. मंगीलाही दाखवल्या. ती मोजायला लागली आणि मोजता मोजता म्हणाली, "बेबीताई, मले मळमळते." मग तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. मी पुसली, पुन्हा आली. घामानं तिचा फ्रॉक ओला झाला, पाय थरथरायला लागले. मी काय केलं? आधी बाटली जागेवर ठेवली. मग राखेनं हात धुतले. आणि मग पर्बताकाकूकडे धावले. हा क्रम मी विसरले नाही.

"काकू, मंगीले काई तरी झालं." एवढंच म्हणाले. काकू आली, पोरीला उचललं, एका माणसाला वावरात धाडलं. कोणी म्हणालं ऊन लागलं, कोणी म्हणालं शिळं खाल्लं असेल. वास सगळ्या घराला होता, त्यामुळे वासावरून कोणालाच काही उमगलं नाही. माय वावरातून आली ती अनवाणी, हातात विळा तसाच, आणि मागोमाग बाबा. अकोटला सवारी नेणारी जीप गल्लीच्या तोंडाशी उभी होती, ती रिकामी करून घेतली. मी मायच्या पदराला धरून आत शिरले. मला कोणी उतरवलं नाही.

जीपमध्ये मायनं विचारलं, "काय खाल्लं व इनं?" मी म्हटलं, "काई नाई." खोटं नव्हतं ते. तिनं खरोखरच काही खाल्लं नव्हतं. त्या एका उत्तराच्या आड मी अकोटपर्यंत लपले. अकोटच्या डॉक्टरांनी पाहिलं, सुई दिली आणि थांबू नका, अकोल्याला न्या म्हणाले. पुढे अकोल्यापर्यंत पुन्हा तेच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी होती, ठिकठिकाणी माणसं पाठीवर पंप घेऊन फवारत होती आणि मी त्यांच्याकडे पाहत बसले होते. मला मंगी मरेल अशी भीती वाटत होती. मला मार पडेल अशीही भीती वाटत होती. दोन्हीतली कोणती मोठी, हे खरं सांगायचं तर मला तेव्हा ठरवता येत नव्हतं.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी मंगीच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी बाबांना विचारलं, "शेतातलं औषध पोटात गेलंय का?" बाबा हात जोडून म्हणाले, "नाई साहेब. आमच्या पोरी त्याले हात लावत नाईत. मी वर ठेवतो, उंचावर. माह्या गळ्याची शपथ." डॉक्टरांनी नर्सला नळी आणायला सांगितली, पोट धुवायला. बाबा पुन्हा पुन्हा तीच शपथ घेत होते. माझ्यासाठी, माझ्यावर भरवसा ठेवून घेत होते. ते मला ऐकवेना.

"पोटात नाई," मी म्हटलं. "डोक्यात. मी लावलं. उवांसाठी."

सगळे माझ्याकडे वळले. डॉक्टर क्षणभरही थांबले नाहीत. नर्सनं कात्री आणली, मंगीचे केस मुळापासून कापले, आणि मग साबण आणि पाणी, साबण आणि पाणी. मायनं पदर खोचला आणि नर्सच्या बरोबरीनं पोरीचं डोकं, मान, पाठ धुतली. तिला बाजूला हो म्हणायची कोणाची छाती झाली नाही. नळीतून औषध सुरू झालं. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर येऊन बाबांना म्हणाले, "मोठ्या मुलीनं सांगितलं ते बरं झालं. डोक्यावर ते तसंच राहिलं असतं तर औषध देऊन उपयोग नव्हता."

माय व्हरांड्यात आली. मी भिंतीला टेकून उभी होते, गाल पुढे करूनच. तिनं मारलं नाही. माझे दोन्ही हात धरले, नाकापाशी नेऊन हुंगले. मग सोडले. "हे हात," ती म्हणाली, "यापुढं माह्या घरात कोनाच्या डोक्याले लागले नाई पाह्यजेत." एवढंच बोलली आणि आत गेली. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मंगी वाचली. पाचव्या दिवशी उठून बसली, आणि टकलावर हात फिरवून आरसा मागितला. अकोल्यातच जुन्या शहरात माझ्या मामाचं घर होतं, तिथून रोज डबा यायचा. घरी परतायच्या दिवशी माय मोर्णा नदीच्या पुलावरून पलीकडच्या बाजारात गेली आणि लाकडी फण्या घेऊन आली. दोन्ही बाजूंनी दात असलेल्या, बारीक, एकाला एक लागून. बसमध्ये तिनं त्या मांडीवर धरल्या होत्या. बाबांनी विचारलं, "आता कायले?" माय म्हणाली, "आता एक बी ठेवत नाई."

गावी आल्यावर मी आधी बाईंकडे गेले आणि माझं नाव काढा म्हणून सांगितलं. का, तेही सांगितलं. बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मी तुला धाक घातला होता. तो असा लागेल असं वाटलं नव्हतं." संघ अमरावतीला गेला आणि दुसऱ्याच फेरीत हरला. पुढे लग्न होऊन मी याच अमरावतीत आले, आयुष्य इथंच गेलं. मागच्या महिन्यात नातीच्या शाळेतून फोनवर निरोप आला, वर्गात उवा आढळल्या आहेत म्हणून. सुनेचा चेहरा उतरला. ती दाराआड जाऊन कोणत्या तरी शाम्पूची चौकशी करत होती. मी तिला म्हटलं, शाम्पू आण, पण त्यावरचं आधी नीट वाच, आणि फणीला पर्याय नाही हे ध्यानात ठेव. लाजायचं तर माझ्यासारखं करून लाज, उवा झाल्या म्हणून कायले लाजते?

दवाखान्यातून गावी परतल्यावर मायनं उवांविरुद्ध काढलेली मोहीम मात्र पाहण्यासारखी होती. तिनं पहिली गोष्ट काय केली, तर निंदणाचे दोन दिवस बुडवले. सगळी डोकी एकाच दिवशी, हा तिचा कायदा. अर्धं आज अर्धं उद्या केलं म्हणून इथवर आलं, असं ती स्वतःला बजावून सांगायची. वाकळी, उशीचे अभ्रे, आमच्या रिबिनी, बाबांचा दुपट्टा, सगळं मोठ्या गंजात उकळलं आणि कडक उन्हात टाकलं. बाबा चार केसांची गोष्ट पुन्हा सांगायला लागले तर म्हणाली, "चार असो का चाळीस. बसा." बाबा बसले. ओल्या केसांना तेल, मुळापासून टोकापर्यंत फणी, प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या धडप्यावर पुसायची आणि उजेडात पाहायची. दर तिसऱ्या दिवशी. लिखा फुटून नवीन निघतात त्या मोठ्या व्हायच्या आत काढायच्या, हे तिला दवाखान्यातल्या नर्सनं समजावलं होतं आणि तिनं ते मनावर घेतलं होतं.

माझं डोकं ती पाहायची, पण एक शब्द बोलायची नाही. मी पाणी तापवायची, फण्या उकळायची, धडपे धुवायची. मंगीचे केस बोटाच्या पेराएवढे वाढले होते. ती मायच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची आणि मी समोर हात मागं घेऊन बसायची. मला कोणी तसं बसायला सांगितलं नव्हतं. हात पुढे असले की मलाच कसंतरी व्हायचं. पण डोळे बंद केले नव्हते. ऊ कोणत्या वयाची कोणत्या रंगाची दिसते, लीख जिवंत कुठली आणि रिकामं टरफल कुठलं, फणी कुठल्या कोनात धरली की निसटत नाही, हे सगळं मी पाहून पाहून शिकले. हात लावू देणार नाही तर न देवो, पण घरात एक ऊ राहू द्यायची नाही, हे मीही ठरवलं होतं.

महिन्याभरात बाबा साफ झाले. मी साफ झाले. मंगी साफ झाली. आणि एका दुपारी मंगीच्या त्या इवल्या केसांत पुन्हा एक ऊ सापडली, चांगली मोठी. माय ती नखावर धरून बघतच राहिली. "कुठून येऊन राहिल्या ह्या?" तिनं पुन्हा सगळं उकळलं. आठवड्यानं पुन्हा एक.

मला कळलं ते चुलीपाशी. माय भाकरी थापत होती आणि मधेच पिठाचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हातातल्या उलथन्याच्या टोकानं अंबाड्याखाली खाजवत होती. एकदा, मग पुन्हा. मग मानेवर. माझ्या एकदम डोक्यात आलं. मंगीच्या आजारपणापासून आमच्या ओट्यावर बायांची रांग बसलीच नव्हती. त्यांना काय बोलावं ते सुचत नसेल, मायला कोणी नको असेल. पर्बताकाकू आपल्या ओट्यावरूनच हाक मारून जायची. साऱ्या घराची डोकी माय पाहत होती, आणि मायचं डोकं इतक्या दिवसांत कोणी पाहिलंच नव्हतं.

दोन दिवस मी तोंड उघडलं नाही. आईला कोणत्या तोंडानं सांगायचं की तुझ्या डोक्यात उवा आहेत, आणि तेही मी? तिसऱ्या दिवशी मंगीनं पुन्हा मान खाजवली. तेव्हा मी उठले आणि म्हटलं, "माय, मंगीले तुह्याकडून लागून राहिल्या."

ती गहू निवडत होती. हात थांबला. "माह्याकडून?"

"तुह्यं डोकं कोनं पाह्यलंच नाई."

बाबा ओट्यावर विडी विझवत होते, ते आत बघायला लागले. मायनं अंबाड्याला हात लावला, जणू तो तिथं आहे हे आत्ताच कळलं. मग म्हणाली, "पर्बताले बोलाव."

मी जागची हलले नाही. म्हटलं, "काकू नाई. मी पाह्यतो."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात ते हुंगले होते तेवढाच वेळ पाहिलं. मग सूप बाजूला सारलं, उठली, खुंटीवरची फणी काढून माझ्या हातात दिली, पाट ओढला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. अंबाडा तिनंच सोडला. मायचे केस मी मागून कधी पाहिले नव्हते. वरून काळे होते, आतून सगळे पांढरे झाले होते. मी कानामागचे केस उचलले. "हायेत?" तिनं विचारलं. "गंज हायेत, मोजता येत नाईत." "मंग काढ," ती म्हणाली. "मंगीचं बी यापुढं तूच पाह्यजो."

मी फणी टेकवली, पण ओढताच येईना.

"हात थरथर कापून राहिले तुहे," माय म्हणाली.

"हो."

"कापू दे," ती मान खाली घालून म्हणाली. "थांबू नको."